लीलाच्या ढिगाशेजारी माही तूर

सोम. २ फेब्रु.
साह्यब लोक पयले लीलाच्याच घरी गेले. लीला म्हंजे माही धाकटी जाऊ, भिंतीला भिंत घर. पांढरी गाडी माह्या दारावरून सरकन गेली, मी सूप घेऊन आंगनात उभी. थांबली तं थेट तिच्या फाटकापाशी. दोन साह्यब उतरले, कंपनीचे. आपल्या सोसायटीत सरकार तूर मापून घेते ना, तो काटा म्हने आता कंपनीले देऊन राह्यले. लीलानं त्यायले पोहे केले. वास इथवर. वरून घातलेला हिरवा सांबार, कोथिंबीर, माह्या वाफ्यातला, कालच मांगून नेलता!
ही वही पायलनं देली. माही नात, वर्ध्याले कॉलेजात जाते. 'आजी, मनात ठेवू नको, लिहीत जाय.' दुसरीत शाळा सुटली माही. पोट्टी वाचते अन् हासते. हासू दे. हासली का घर भरते.

मंगळ. ३
सोसायटीत मीटिंग. बायाइले मांगं बसवलं, लीलाले मात्र खुर्ची. तिची बारा एकर तूर ना. माहा नाल्याकाठचा एक तुकडा, चार पोते होते, म्हंजे चार क्विंटल. पन माह्या नावचा. पेरनं माहं, सोंगनं माहं.
कंपनीचा कागद पायलनं वाचला. एका मानसाची दहा क्विंटलच्या खाली तूर घेनार नाई. मी दोनदा वाचायले लावलं. सरकारी काट्यावर एक पोतं नेलं तरी घेत. आता माहं काय? सेलूच्या व्यापाऱ्याच्या दारात उभं राह्यचं, तो म्हनीन तो भाव.
सारे गलका करून राह्यले. लीला खुर्चीवर पदर सावरत बसली. तिले काय.

बुध. ४
आज मीच पायलले धाडलं, साह्यबाइले घेऊन ये. चहात अद्रक अन् इलायची, दोन्ही. लीला भिंतीवरून पाहून राह्यलती. पाह्य म्हनलं.
तूर दाखवा म्हनले तं पोत्यातली नाई देली. बियान्याच्या मडक्यातली देली, दाना दाना निवडलेली. लीलाची फिकी पडली पाह्यजे. अन् त्या घाईत, बियान्याले किडीसाठी राख चोळून ठेवतो आपन, हे मीच इसरली. लहान साह्यबानं चाळनीत घातली. खाली कागदावर राखच राख. फोटो काढला.
'आजी, माल खराब आहे.'
खराब! इतक्या वर्सात कोनी म्हनलं नाई. सरकारी काट्यावरचा गजानन असता तं तळहातावर घासून फू केलं असतं अन् म्हनला असता, 'काकू, बियानं काऊन आनलं वो?'
पायल म्हनली, 'सर, तुम्ही खराब म्हनलं अन् आम्हाले पटलं नाई, तं जायचं कोनाकडं?' मोठा साह्यब म्हनला, 'विचारून सांगतो.' माय वो, काय तो आवाज पोरीचा! राखेचं दुख अर्धं गेलं. भिंतीपलीकडं लीलाची मान खाली. म्हंजे, मले तसं वाटलं.

शुक्र. ६
लीला आली. सांबार ज्यात नेलता ते माही वाटी वापस, त्यात लाडू.
'बाई, तुमचे चार पोते माह्या ढिगात टाका. माह्या नावावर जातीन. कोनाले समजते?'
'मले समजते ना.'
'मंग बसा धरून.'
गेली. लाडू खाल्ला. तिळाचा. गूळ कमी होता.
नव्हता कमी.

रवि. ८
परत मीटिंग. ठरलं, लहान शेतकऱ्याचं काय अन् तक्रार कोनापाशी, हे कंपनी लिहून देत नाई तवर कोनी सही करायची नाई. लीलानंही हात वर केला. तिले काय गरज होती? चांगलं वागली म्हनून जास्तच झोंबून राह्यलं.
दुपारी तिच्या आंगनात तूर वाळत होती. कोनी नाई पाहून एक दाना दाताखाली धरला. कटकन फुटला. घरी येऊन माहा धरला. माहा दबला. तिची जास्त वाळली हाये. पायल, हे वाचलं तं गप राह्यजो.

मंगळ. १०
माह्या आंगनात ऊन उशिरा येते. लीलाच्या इथं सकाळपासून. 'इकडं पसरवा बाई, काऊन भिंतीच्या सावलीत ठेवता?' म्हनली. मी तूर नेली. दोन ढीग शेजारी, मधात मी सूप आडवं ठेवलं. लीलानं पाह्यलं, हासली.
वारा आला तं चार दाने इकडचे तिकडं गेले. कोनते कोनाचे, मले बी सांगता येईना. सूप उचलावं का नाई...
साह्यब लोक उत्तर घेऊन येनार हायेत. गुरुवारी येतो म्हनले.