त्याच्या नावाची मूठ

आये, हे खूळ तू माझ्या पदरात बांधलंस आणि आपण सुटलीस. घरातला बाप्या लष्करात गेला की तो येईपर्यंत रोज सकाळी त्याच्या नावानं मूठभर जोंधळा घरामागच्या परड्यात टाकायचा. "हितं पाखरू जेवलं की तिकडं आपलं माणूस जेवतंय," म्हणायचीस. मागल्या लढाईत दादा गेला तेव्हा तू टाकलास, दादा आला. मी परकरातली, थंडीत एकदा तुझ्यासंगं मूठ टाकायला उठायचा कंटाळा करते, आणि तू गोधडी ओढून ओरडतेस, "दादा नगं झालाय व्हय गं तुला?" म्हणून माझा पोरगा लढाईवर बरम्याच्या मुलखाकडं गेल्यापासून मीही टाकते. पण तुझं परडं जतच्या माळावरचं, उघडंबोडकं. ससाणा लांबूनच दिसायचा, पाखरं कवाच उडून जायची. माझं परडं उंब्रजचं. चिंच दाट, मागं उसाचा फड. चिंचेत बसलेला शिक्रा मला दिसत नाही, तर चिमण्यांना कुठला दिसणार? हे तू सांगितलं नाहीस.

पारव्याएवढाच असतो तो, पाठ राखेसारखी, डोळे लालभडक. पहिल्यांदा आला तेव्हा वाटलं, चुकून आला. आता मूठ टाकायच्या आधीच हजर. चिमण्या उतरतात, चिवचिव चाललेली असते, आणि एकदम सगळं गप. तो गोफणीतल्या धोंड्यासारखा येतो, एक उचलतो, शेण्यांच्या रचलेल्या हुडव्यावर बसून ती जिती असतानाच पिसं उपटायला लागतो. पिसं जोंधळ्यावर पडतात. जरा वेळानं बाकीच्या चिमण्या परत येतात आणि त्याच पिसांतून दाणे टिपतात. त्यांचा मला लय राग येतो.

मालक म्हणतात, "पाखरं जगवतीयास का शिक्रा पोसतीयास?" संक्रांतीपासून पोराची खबर नाही, तरी यांना चेष्टा सुचते. सून कधी तोंड उघडत नाही, पण काल तिनं माझं मनगट धरलं. "आत्याबाई, नगा टाकू. त्यांच्या नावाचं खायाला येत्यात आन् मरत्यात. मला बघवत न्हाई." मी खेकसले, "नवरा नगं झालाय व्हय गं तुला?" तुझंच बोलणं, माझ्या तोंडातून. ती चुलीपुढं जाऊन बसली. तव्यावरची भाकरी करपली तरी उलटली नाही.

आज सकाळी मी धोंडा घेऊनच उभी राहिले. शिक्रा उतरला. धोंडा हातातच राहिला. मनात आलं, घे, ही घे, पोटभर खा, पण माझ्या पोराला सोड. कुणाला म्हणाले कोण जाणे. चिमणी ओरडत होती आणि मी धोंडा टाकून हात जोडले. सून दारात उभी होती. तिनं बघितलं. तेव्हापासून ती माझ्या हातचं पाणी घेत नाही.

दुसरीपर्यंतची माझी अक्षरं. तू तर देवाघरी, हा कागद टपालात टाकू तरी कुठल्या गावाला? जोंधळ्याच्या मडक्यात ठेवते, मूठ काढताना हाताला लागेल. मूठ थांबवली तर पोराला मीच मेला म्हटल्यासारखं होईल, आणि टाकली तर मी रोज काय मागून काय देते ते आता मला कळलंय. बेंदराच्या सणाला बैल रंगवायला पोरगाच लागायचा, दुसऱ्याला बैल हात लावू द्यायचे नाहीत. त्या दिवशी सकाळीही मी मडक्यात हात घालीन. टाकू का नको, ते बेंदराच्या आत सांग. माझ्या स्वप्नात येववत नसेल तर सुनेच्या जा. पण सांग.