बाबांनी नुसते स्वर गायले

जेथ्रोदादा,

अरे, बाबा गायले! तू त्यांच्याशी भांडून टेक्सासला गेलास, तेव्हा त्यांनी शपथ घेतली होती, "देवाचा एक शब्दही आता गाणार नाही."

काल चर्चमध्ये चौकोनात बाकं मांडली आणि मधे उभी राहून मी तुझी आवडती चाल लावली. रीतीप्रमाणे आधी पुस्तकातले त्रिकोणी, गोल, चौकोनी आकारांचे स्वर बघून नुसतं फा, सो, ला म्हणायचं, मग शब्द. तर खर्जाच्या बाकावरून बाबांचा आवाज असा गडगडला की ताल देणारा माझा हात हवेतच राहिला! शब्द सुरू झाले आणि ते गप्प.

"मोडलीत ना शपथ?" मी नंतर चिडवलं.

"फा-सो-लात कुठला आलाय शब्द, कार्टे? शब्द गाईन तो घरी आल्यावर."

तुझा पत्ता ठाऊक असता तर हे आजच धाडलं असतं. बाकावर तुझ्या जागी ते टोपी ठेवतात, कुणाला बसू देत नाहीत.

आवाज बसलेली तुझी बहीण,
केझाया