कुंडी पुन्हा ओली

८ नोव्हें., शनि.
कुंडी पुन्हा ओली. बोट घातलं, पेरभर चिखल. चार दिवस पाणी बंद ठेवलंय मी, मग हे कोण घालतंय?
पल्लवीनं दिवाळीत आणलेलं जुनिपर. पाचगणीच्या नर्सरीतलं. वीतभर उंच, पसरट, राखाडी-निळ्या सुया. "आई, थंड हवेचं झाड आहे. ऊन भरपूर, पाणी बेतानं. मुळं ओली राहिली की संपलं." लेक मुंबईला गेली, झाड माझ्या गळ्यात. थळच्या दमट हवेत हे जगवायचं म्हणजे परीक्षाच. पण पोरीनं हौसेनं आणलंय.
ह्यांच्यावर संशय. मोतीबिंदूमुळे दिसत नाही धड, तरी पाइप घेऊन अंगणभर फिरतात.

११ नोव्हें., मंगळ.
ओली. ह्यांना झापलं. "देवाशपथ मी हात लावला न्हाय. तुझ्या त्या सुरूच्या पिल्लाला मी कशाला पानी घालू?" चेहरा खरा वाटला. तीस वर्षं रेवसच्या लाँचवर सारंग होते, लाँच हेच चालवायचे. खोटं बोलले की कान लाल होतात. झाले नाहीत.
आतल्या बाजूच्या सुया पिवळ्या पडल्यात. खालची ताटली काढून टाकली.

१४ नोव्हें., शुक्र.
शेजारची हिराबाय मासळी घेऊन आली. कुंपणावरून म्हणाली, "बाय, सकालपासून तीन येला पानी घातलंस. झाराला बुरवतेस काय?"
मी हसले. म्हटलं, दुसऱ्या कुणाला बघितलं असशील.
"तुलाच बगितला. हिरवा गाऊन."
हिरवा गाऊन अंगावरच होता.
बोंबील साफ करायला घेतले. ह्यांना काही बोलले नाही.

१५ नोव्हें., शनि.
झोप झाली नसेल. थकवा. बी-१२ कमी असेल. पस्तीस वर्षं उपकेंद्रात नर्स होते, दुसऱ्यांना हेच सांगायचे.
आजपासून पाणी घातलं की वेळ इथेच लिहायची.
पा. घा. ७.१०
पा. घा. ८.००

दुपारी १.
वरच्या दोन ओळी आत्ता बघितल्या. दोन्ही अक्षरं माझी. आठचं आठवतं. सात-दहाचं काही म्हणजे काही आठवत नाही.

१७ नोव्हें., सोम.
नर्सरीवाल्याला फोन केला. म्हटलं, वरून निळं आहे अजून, म्हणजे ठीक ना? तो म्हणाला, "मॅडम, वरच्या रंगावर जाऊ नका. ह्या जातीचं झाड मेलं तरी महिनाभर निळंच दिसतं. मुळं आधी जातात."


१९ नोव्हें., बुध.
 झालं ते लिहून ठेवते.
सकाळी ह्यांना इन्सुलिन, १८ युनिट, मग भाकरी. रोजच्यासारखं. साडेदहाला हे ओटीवर घामानं भिजलेले. जीभ जड. मला म्हणाले, "लाँच सुटली काय?" साखर तपासली, ४६. साखरेचं पाणी पाजलं, अर्धं अंगावर सांडलं. पंधरा मिनिटांनी ६१. मग ८८. मग मला ओळखलं.
हे आडवे झाल्यावर सिरिंजा मोजल्या. काल दहाचं पाकीट फोडलं. काल दोन, आज एक. सात उरायला हव्यात. सहा आहेत.
डब्यात शोधलं. टेबलाखाली शोधलं. कचऱ्यात वापरलेल्या चार होत्या.
मी दोनदा टोचलं. माझ्या हातानं.
डॉक्टरांना फोन केला. "डोस चुकला" एवढंच सांगितलं. कुणाकडून ते त्यांनी विचारलं नाही. दिवसभर तासातासाला साखर बघितली.
हे म्हणतात, "बरं झालं तू घरात व्हतीस."

२१ नोव्हें., शुक्र.
काल संध्याकाळी आणि आज सकाळी, दोन्ही वेळा डोस सिरिंजमध्ये भरून पाच मिनिटं नुसती धरून उभी राहिले. दिला का, नाही दिला. ह्यांना विचारायचं तर सांगावं लागेल.
शंभरातून सात वजा. ९३, ८६, ७९, ७२, ६५. जमलं. उपकेंद्रात म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासायला विचारायचे मी हे.
मग ह्यांना म्हटलं, कुठलेही तीन शब्द सांगा. "कशाला?" असंच. दिले. दहा मिनिटांनी लिहायचे असं ठरवलं.
नांगर. लिंबू.
तिसरा
ह्यांना विचारला नाही.

२२ नोव्हें., शनि.
पल्लवीचा व्हिडिओ कॉल. "आई, झाड दाखव." दाखवलं. "किती मस्त निळं आहे गं! आणि तू?" मी पण मस्त. बाबा मस्त.
फोन ठेवला आणि झाड कुंडीतून उपसलं. निम्मी मुळं काळी, बोटानं सोलली जातात. वास गटारासारखा. काळी सगळी कापली. जाडी रेती आणि विटांचा चुरा घालून लहान कुंडीत लावलं. कात्री स्पिरिटनं पुसली. सगळं ओळीनं जमलं, एकही पायरी चुकले नाही. मग नक्की काय बिघडलंय?

२४ नोव्हें., सोम.
ह्यांना सांगितलं. भाजी निवडता निवडता. त्या बुधवारी तुम्हाला दोनदा टोचलं मी. झाडाला पाणी पण मीच घालत होते. मला आठवत नाही.
हे हसले. "वय झालं. मला तरी चष्मा कुठं गावतो?"
म्हटलं, हसू नका. उपकेंद्रातली मुलगी येईल टोचायला.
"न्हाय. दुसऱ्याचा हात नको. तूच टोच."
रडले. भीती वाटली नसती तर राग आला असता. मेला असतात तुम्ही, म्हटलं. 
दुपारी ह्यांनी सिरिंजा आणि इन्सुलिनचा डबा उचलून लाँचवरून आणलेल्या जुन्या पत्र्याच्या पेटीत ठेवला. इन्सुलिन थंड राहावं म्हणून खाली फ्रीजमधल्या बर्फाची पिशवी, ती मी सांगितल्यावर. कुलूप घातलं. चावी करदोड्याला बांधली. "मी देईन तेव्हाच. एका टायमाला एक."

२७ नोव्हें., गुरु.
बर्फाचं रोज बघावं लागतं, पण तीन दिवस नीट गेले.
आज नऊ वाजता चावी मागितली. हे म्हणाले, "झालं की सकाळी." मी म्हटलं, नाही झालं. भांडले. आवाज चढवला. ह्यांनी शर्ट वर करून पोट दाखवलं. टोचल्याचा ताजा ठिपका.
मला शंभर टक्के खात्री होती. विसरण्यापेक्षा ह्या खात्रीचीच भीती वाटते आता.
झाडाला नवा फुटवा नाही. वाळकंही नाही.

२९ नोव्हें., शनि.
मुंबईच्या मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ मिळाली. पल्लवीला सांगितलं, बाबांचे डोळे दाखवायचेत. "मी धक्क्यावर घ्यायला येते," म्हणाली. हे बाजूला बसून ऐकत होते. कान लाल.
हिराबायला सांगितलं, झाडाला पाणी घालू नकोस. अजिबात. "आनि तू आल्यावर?" मला पण घालू देऊ नकोस. ती हसली नाही.

१ डिसें., सोम.
लाँचवर लिहिते आहे. अक्षर हलतंय. हे माझ्या शेजारी, दिसत नसलं तरी पाण्याकडे तोंड करून. इंजिनाच्या आवाजावरून म्हणाले, "भाऊचा धक्का आला."
पल्लवीला पहिलं वाक्य काय सांगायचं ते घरून निघताना ठरवलं होतं. चांगलं होतं. तिला धक्का बसणार नाही असं. रेवसपर्यंत मनात घोकत आले.
आता ह्यांना विचारलं, मी तिला काय म्हणणार होते?
"मला कुठं सांगितलंस?"
गर्दीत ती दिसली. हात हलवते आहे.