तीस तारखेला सगळे खाली

२ ऑक्टोबर १९९९, शनिवार

अकराच्या सुमारास दार वाजलं. घरात मी एकटा. बिल्डिंगचा वॉचमन अजीज — पेशावरचा पठाण, दाढी माझ्याहून पांढरी, तरी मलाच चाचा म्हणतो! बोलणं भरभर. हाती लागलं ते एवढंच: “चाचा, तीस तारीख को सब खाली. घर में बोल देना.” मी मान डोलावली. म्हणजे तीस तारखेला सगळ्यांनी खाली जमायचं. गेल्या वर्षी मालकाने पाण्याची नवी टाकी बसवली तेव्हाही असंच बोलावलं होतं, खजूर वाटले होते.

जेवताना निरोप दिला. सुजीतने ताटावरून मान वर केली नाही. सूनबाई म्हणाली, “बरं, बाबा.” आभा म्हणाली, “आजोबा, आय हॅव अ टेस्ट,” आणि उठली. बारा वर्षांची पोर, पहाटे पाचला उठते.

५ ऑक्टोबर

इथल्या मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी लेख मागितलाय — ‘आपलं अजमान: एक ओळख’. नव्याने येणाऱ्या मराठी माणसाला गाव कळावं म्हणून. छत्तीस वर्षं देवरुखच्या शाळेत मराठी शिकवलं, हे काय अवघड! कच्चं इथेच लिहून ठेवतो.

अजमान हे झोपायला येण्याचं गाव. कमवायचं दुबईत, अडकायचं शारजात, झोपायचं इथे. दुबईत जेवढ्या भाड्यात एक बेडरूम, तेवढ्यात इथे दोन आणि वर बाल्कनी. म्हणून ही सगळी वस्ती — मुंबई-पुण्याचे, रत्नागिरीचे, केरळचे, पेशावरचे. सकाळी सहाला बाल्कनीत उभं राहावं. गाड्यांची रांग शारजाकडे सरकत असते, टोक दिसत नाही. आठ वाजता गाव रिकामं. मग उरतात बायका, वॉचमन आणि माझ्यासारखे. घरांना नंबर नाहीत. पत्ता सांगायचा तो असा — बेकरीच्या मागे, हिरव्या घुमटाच्या मशिदीसमोर, खाली लॉन्ड्री. पत्र येतं ते ऑफिसच्या पेटीत.

खाडीवर लाकडी गलबतं बांधतात. सुतार कच्छातल्या मांडवीचे. संध्याकाळी तिथे जाऊन बसतो. तासणीच्या ठेक्यावर पाचवीच्या पुस्तकातली कविता आपोआप ओठांवर येते. चाळीस पोरं एका सुरात म्हणायची — खिडकीबाहेरच्या म्हशीसुद्धा थांबायच्या.

हे शेवटचं लेखात नको.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी. सुजीत दुपारभर झोपला. काल दुबईहून यायला अडीच तास लागले म्हणे. चेहरा काळवंडलाय पोराचा.

उठल्यावर विचारलं, माझा व्हिसा पंधरा नोव्हेंबरला संपतोय, कागद दिले का? मागच्या वेळी त्याच्या ऑफिसातल्या माणसाने बजावलं होतं — आईवडिलांना ठेवायचं तर दोन बेडरूमच्या घराचा करार दाखवावा लागतो. तो आपल्याकडे आहेच.

“बघू, इन्शाल्ला,” म्हणाला. हा शब्द हल्ली त्याच्याही तोंडी.

१३ ऑक्टोबर

सकाळी खाली उतरलो तर चौथ्या मजल्यावरच्या रफिकचं सामान टेम्पोत चढत होतं. रफिक राजापूरचा, मला काका म्हणतो. त्याची बायको शहनाझ गाद्या मोजत होती. कुठे निघालास, विचारलं. शारजात घर मिळालं, म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघत, “काका, तुम्ही घर बघितलंत का नाही? सतराच दिवस उरले.”

कशाला, म्हटलं.

“अहो, बिल्डिंग पाडतायत! तीस तारखेपर्यंत खाली करायची. अजीजने घरोघर जाऊन सांगितलंय.”

खाली!

मी म्हटलं, मला वाटलं खाली — म्हणजे खाली जमायचं. रफिक हसला, मग माझ्या तोंडाकडे बघून हसू गिळलं. शहनाझ म्हणाली, “काका, बसा जरा या गादीवर.”

मी! समान उच्चाराचे, वेगळ्या अर्थाचे शब्द फळ्यावर दोन रकाने करून शिकवले ज्याने, तो मी. मराठीत खाली, हिंदीत खाली. त्यांचं रिकामं, आमचं तळाशी. अकरा दिवस मी हा निरोप उलटा घेऊन खाडीवर कविता म्हणत बसलो.

१४ ऑक्टोबर

सुजीतला सगळं सांगितलं. सूनबाई आत गेली. तो म्हणाला, “बघतो मी घर. तुम्ही काळजी करू नका.” रागावला असता तर बरं वाटलं असतं.

१७ ऑक्टोबर

तिसऱ्या मजल्यावरचे गेले. समोरचेही. जिन्यात खोकलं तर घुमतं.

स्वतः घर शोधायला बाहेर पडलो. बेकरीवाला, लॉन्ड्रीवाला, मशिदीसमोरचा चहावाला — सगळ्यांना विचारलं. हिंदी बोलताना प्रत्येक शब्दाला अडखळलो. पुन्हा काही उलटं व्हायला नको. दोन बेडरूमची घरं होती म्हणे, आमच्याच बिल्डिंगच्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात उचलली.

पहिल्याच आठवड्यात.

१९ ऑक्टोबर

झोप नाही. बोटांवर गण मोजतो — मा सा जा सा ता ता गा. पूर्वी तिसऱ्या ओळीला डोळा लागायचा. आता शार्दूलविक्रीडित संपतं आणि पंधरा नोव्हेंबर समोर उभी राहते. देवरुखच्या घरात पुतण्या मधू राहतो, त्याची चार माणसं. मला एक खाट देईल. पण आभाचा आवाज तिथे कुठून येणार? इंग्रजीत का होईना, दारातून ‘आजोबा’ म्हणूनच आत येते.

लेख अर्धाच आहे. मंडळाचा दोनदा फोन.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

सुजीतला घर मिळालं. ऊद मेथाला, दुबईत! आभाची शाळा चालत सहा मिनिटांवर, त्याचं ऑफिस वीस. “कालच सही केली, बाबा.”

मी म्हटलं, छान. बेडरूम किती?

“एक.” मग पाण्याचा ग्लास फिरवत राहिला. “एवढ्या घाईत दुसरं मिळेना. निरोप वेळेवर नीट कळला असता, तर दोनचं बघता आलं असतं.”

खरं तेच बोलला.

सूनबाई ताडकन म्हणाली, “अहो, पुरे!” मी तिला म्हटलं, बोलू दे त्याला. चूक झाली ती झाली. ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच.

२४ ऑक्टोबर

माझं तिकीट बारा नोव्हेंबरचं, मुंबईपर्यंत. मधूला फोन केला. “या ना काका, पडवी मोकळीच आहे,” म्हणाला. मोकळी! केवढा स्वच्छ शब्द. अजीज तेवढंच म्हणाला असता तर —

आभाने विचारलं, “बट व्हाय ओन्ली यू?” मी म्हटलं, आजोबांना हिंदी येत नाही म्हणून. ती हसली नाही. “दॅट्स नॉट अ रीझन.” म्हटलं, इथे असतं.

२६ ऑक्टोबर

लेख पुरा केला. शेवट असा — अजमानात कायमचं कोणी राहत नाही, पण जे राहतात ते दुबईच्या माणसाहून एक बाल्कनी जास्त जगतात. मंडळाचे लोक फोनवर वाहवा म्हणाले. पुढच्या वर्षी ऊद मेथावर लिहा, म्हणाले. मी हो म्हटलं.

अजीज भेटला. म्हणाला, मालकाने त्यालाही जायला सांगितलंय. त्याचा हात हातात घेतला. त्याचा काही दोष नाही.

२८ ऑक्टोबर

पासपोर्ट सापडेना. सुजीतच्या फाइलमध्ये असेल म्हणून उघडली. वरच नव्या घराचा करार. ऊद मेथा, एक बेडरूम. खाली सुजीतची सही.

तारीख १२ सप्टेंबर.

अजीजने दार वाजवलं त्याच्या वीस दिवस आधीची.

कागद होता तसा ठेवला. फाइल होती तिथे. सुजीत आला तेव्हा त्याला म्हटलं, माझ्या चुकीपायी तुम्हाला फार त्रास झाला रे. तो म्हणाला, “असू दे, बाबा.”

असू दे.