बसलं नं सारं?

घाटंजी,
ता. १५ डिसेंबर २०२४, रविवार

प्रिय राजदीपदादाले,

संघदीपचा जयभीम. वहिनीलेही सांग. आमचं इकडं चालू आहे. मारेगावले थंडी कशी काय? इथं तर सकाळी पाण्यात हात घालवत नाही. मायच्या हाताचं प्लास्टर मागच्या आठवड्यात निघालं. बोटं हलतात, पण भाकर थापता येत नाही, म्हणून दिवसभर उर्वशीवर चिडते आन् उर्वशी तो राग माह्यावर काढते. उर्वशीच्या बहिणीचं, प्रियंकाचं लग्न मे महिन्यात धरलं. पोराकडचे लोक चांगले आहेत. साक्षगंधाच्या दिवशी आपण पोहोचलो नाही, तरी एका शब्दानं बोलले नाहीत.

तुले फोन लावला की बंद सांगते. पाचसहा वेळा लावून पाह्यला. तवा म्हटलं लिहूनच टाकावं. भीमराज मंगळवारी मारेगावच्या बाजारात कपड्याचं दुकान मांडाले येते, त्याच्या हाती देतो.

मले गाडीचं विचारायचं होतं. तुह्याबिगर कोणाले विचारू? गाडी शेडमधीच उभी आहे, दोनदा बसस्टँडपर्यंत नेऊन आणली. सरळ रोडवर सरळ जाते, पण स्टेअरिंग हातात डावीकडं कललेलं राह्यते. उजवीकडं वळवलं की हॉर्न मरते, सरळ झालं की पुन्हा जितं होते. इंडिकेटरची दांडी वळण संपल्यावर आपोआप परत येत नाही, हातानं आणा लागते. एअरबॅगचा लाल दिवा पेटला तो पेटलाच. मले वाटते स्टेअरिंगखालची ती गोल डबी, ज्यात हॉर्नची पट्टी गुंडाळलेली असते, ती बसवताना मधोमध आली नाही. का आणखी काही असेल?

तू म्हणशीन, विहिरीवरचे जळके पंप दुरुस्त करणाऱ्यानं पंपच दुरुस्त करावे, गाडीत काहून हात घालावा. बरोबर आहे. पण तुले माहीत आहे मी कसा आहे. दुसऱ्याले पैसे देऊन काम करून घेणं म्हणजे मले माह्या नाकावर माशी बसल्यासारखं वाटते. स्टेअरिंगच्या रॉडातला बुश झिजला होता, खडखड वाजे. मिस्त्री म्हणे दोन दिवस गाडी सोडा. साक्षगंध चार दिवसांवर आलं होतं. मी बुश मागवला, मोबाइलवर व्हिडिओ पाह्यला आन् शनिवारी सारं खोलून पोत्यावर मांडलं.

तू मले लहानपणी सायकल शिकवतानाच सांगतलं होतं, खोलण्याआधी खूण कर. मी केली. उर्वशीची लाल नेलपॉलिश घेतली आन् जिथं जिथं जोड होता तिथं तिथं ठिपके दिले. मग माह्या हाताची सवय आडवी आली. वाइंडिंगच्या कामात कोणताही भाग हाती आला की मी आधी थिनरनं पुसतो. सारे भाग चकचकीत पुसून काढले आन् पाहतो तर एक ठिपका जाग्यावर नाही. मले तवा माह्यावरच हसू आलं. उर्वशीले सांगतलं नाही, नाहीतर सात जन्म ऐकवलं असतं तिनं.

इथपर्यंत लिहून मी चहा पेऊन आलो. मग दुकानात जाऊन एक पंप उगाच खोलून ठेवला. आता पुन्हा बसलो आहे.

दादा, मले गाडीचं विचारायचं नाही. हॉर्न वाजो की मरो.

भीमराज परवा घरी आलता. म्हणे राजदीप जिनिंगमधी कापसाचे बोजे उचलते. म्हणे ऑटोतही समोर बसत नाही, मागं बसते आन् बाहेर पाहते. मी म्हटलं, शाळावाल्यांनी बसवरून काढलं, त्याचं मनावर घेतलं असेल. तो म्हणे, तसं नाही, राजदीप यवतमाळले झोपेच्या डॉक्टरकडं जाऊन राह्यला. जागेपणी डोळे लागायची बिमारी आहे का ते तपासून राह्यला. गोळ्या चालू आहेत. वहिनीले त्यानं सांगून ठेवलं, मी बोलता बोलता थांबलो तर मले हलव.

जी बिमारी तुले नाही तिच्या गोळ्या तू खाऊन राह्यला, आन् ती बिमारी तुले मी लावली.

आता नीट सांगतो. पायापाशी जो जोड आहे, तू ज्याले क्रॉस म्हणतं, त्यात रॉडचं दातेरी टोक पुरं खाली उतरलं पाहिजे. मग त्या टोकाच्या खाचेतून आडवा बोल्ट जाते. माहा बोल्ट अडला. खूण पुसली होती, कुठं काय होतं ते समजेना. मी रॉड थोडा वर ओढला, बोल्ट आरामात गेला. आरामात गेला तवाच मले समजलं की तो खाचेतून गेला नाही, टोकाच्या खालून मोकळ्या जागेतून गेला. रॉड फक्त शेवटच्या दोनचार दातांवर धरून होता. दिवस बुडाले आलता, पाठ दुखत होती, आन् पुन्हा सारं खोलायचं जिवावर आलं. मी नट कसला, उठलो आन् हात धुतले. साक्षगंधाले नेरपर्यंतच तर जायचं आहे, असं म्हटलं मनाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्टेअरिंगवर बसला. आदल्या दिवशी शाळेची सहल नेऊन आणलती तरी आमच्यासाठी आलता. तू स्टेअरिंग थोडं इकडं तिकडं हलवलं, म्हटलं, हे वाकडं काहून आहे? मी म्हटलं, काल बुश टाकला, वीस किलोमीटरात सवय होईन. मग तू दोन्ही हात त्यावर ठेवले आन् समोर पाहतच विचारलं,

“बसलं नं सारं?”

तू बोल्टाचं विचारत होता. मले त्याच घडीले समजलं. उर्वशी मागं पिशव्या लावत होती, माय पदर दारातून आत घेत होती. मी मागं वळून मायकडं पाह्यलं आन् म्हटलं,

“हो दादा, बसले सारे.”

तू बसलं विचारलं आन् मी बसले सांगतलं. वेळ मारून नेली. खोटंही बोललो नाही, असं वाटलं मले. लय हुशार वाटलं स्वतःले.

नेर आठदहा किलोमीटर राह्यलं होतं, तिथलं वळण. मी तुह्या बाजूलेच होतो. तुहे डोळे उघडे होते दादा. तू वळवलं, दोन्ही हातांनी पुरं वळवलं, आन् गाडी सरळ तुरीच्या वावरात गेली. गाडी थांबल्यावर तुहा पहिला शब्द होता, “स्टेअरिंग फिरलं, गाडी नाही फिरली.” माय मागं कण्हत होती, हात तिच्या अंगाखाली सापडला होता. आन् मी उचलली जीभ लावली टाळ्याले. मी म्हटलं, “तुहा डोळा लागला का दादा?”

पहिल्यांदा मी म्हटलं ते. मग उर्वशीनं म्हटलं, मग वावरवाल्यानं, मग दवाखान्यात सगळ्यांनी. काल सहल होती, झोप झाली नसेल, होते असं. संध्याकाळपर्यंत तू पण म्हणाले लागला, लागला असेल डोळा, मले समजलं नाही. वीस वर्षांत एका कुत्र्यालेही धक्का न लावणारा माणूस तू, आन् मी तुहा तुह्याच डोळ्यांवरचा भरोसा उडवला. मायनं तुले दवाखान्याच्या दारात म्हटलं, माह्या जिवावर डोळे मिटले तू, आता माह्यासमोर येऊ नको. तुही माय गेल्यावर माह्या मायनं तुले आन् मले एका ताटात जेवू घातलं. तिचा शब्द तू खाली पडू देत नाही, हेही मले मालूम होतं. मी तिथंच उभा होतो, हातात तिच्या एक्सरेचं पाकीट होतं. बोललो नाही.

गाडी मिस्त्रीकडं नेऊ दिली नाही मी. चोराच्या मनात चांदणं. ट्रॅक्टरनं ओढून घरी आणली, शेडचं दार लावलं आन् एकट्यानं रॉड पुरा उतरवून नवा बोल्ट लावला. जुना बोल्ट फेकवला नाही माह्यानं. खिळ्यांच्या डब्यात ठेवला.

काल मायले सांगतलं. ती तांदूळ निवडत होती, डाव्या हातानं. मी बोल्ट तिच्यासमोर ठेवला आन् सारं सांगतलं, जसं तुले लिहिलं तसंच. तिनं बोल्ट उचलून पाह्यला. मग म्हणे,

“त्यानं विचारलं तवा तू माह्याकडं पाह्यलं होतं.”

मी हो म्हटलं.

“मले वाटलं, मायची काळजी करते पोरगं.”

एवढंच बोलली. काल रात्री जेवली नाही, आज माह्या हातचं पाणी घेतलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उर्वशी पण माहेरच्यांले काय तोंड दाखवू म्हणते. मी कोणाले समजावत नाही आता. लय समजावलं आजवर.

पत्र यासाठी की फोनवरचं बोलणं हवेत जाते. हे कागदावर आहे. शाळावाल्यांले दाखव, डॉक्टरले दाखव, तुह्या सासऱ्याले दाखव. बोल्ट फडक्यात बांधून या पत्रासोबतच भीमराजजवळ देतो. शाळेत मी स्वतः उद्या दहा वाजता जातो, बोलावलं नसलं तरी. सायबाच्या टेबलासमोर उभा राहून हेच सांगीन. पुढं काय होते ते होवो. तू मले माफ कर असं लिहाची माही हिंमत नाही, तवा लिहित नाही. गोळ्या तेवढ्या डॉक्टरले विचारून बंद कर.

आता पत्र वाचून दाखवलं मायले. ती म्हणे, कागद इकडं दे.

दादा, तू विचारलं होतं त्याचं उत्तर राह्यलं होतं. नव्हतं बसलं. बोल्ट बसला नव्हता आन् मले मालूम होतं. तुहा डोळा लागला नव्हता.

लिहून देणार,
संघदीप उकंडा नगराळे

साक्षीदार,
रुखमाबाई उकंडा नगराळे
(सही डाव्या हातानं केली आहे. उजवा अजून चालत नाही. म्हणे, राजदीप ओळखीन.)