गाडीतनं उतरवत नाही

मम्मी,

मी आत्याकडं कसबा बावड्याला चाललेय. पांढरा रस्सा झाकून ठेवलाय. नुसता कोमट कर, उकळलास की फाटतोय बघ.

तू माझ्यासाठी घेतलेल्या कौन्सेलिंगच्या अपॉइंटमेंटला काल जाऊन आले. वाटलं, बारावीचं टेन्शन दिसत असेल तुला माझ्या तोंडावर, म्हणून गपगुमान गेले. तिथल्या मॅडमनी तू भरलेला फॉर्म दाखवला. ‘पहाटे तीनलाच जाग येते. हॉस्पिटलच्या दारात गाडी लावते, पण उतरवत नाही. रडू येतं.’ आणि वर नाव माझं! अगं, मी आठपर्यंत घोरते आणि मला अजून लायसनसुद्धा नाही की.

मॅडमना मी काही बोलले नाही. पण एक विचारू? तुझ्या पेशंटना तूच त्यांच्याकडं पाठवतेस, ‘यात लाजायचं काय’ म्हणतेस. मग स्वतःचं नाव लिहिताना पेन कुठं अडलं? भांडत नाही, खरंच समजून घ्यायचंय.

शुक्रवारी पाचची वेळ घेतलीय, तुझ्या नावानं. नुसतं संयोगिता लिहिलंय, डॉक्टर लावलं नाही. मी येते बरोबर. नाहीच उतरवलं, तर दोघी गाडीतच बसून राहू.

ऋतुजा