कुरणातले एकोणीस

बोरी, ता. ८ ऑगस्ट १९८८

चि. दिनकर यास मनकर्णाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या वडिलांनी, दत्तरावांनी, पोळ्यानंतर कुरण नांगरून सूर्यफूल पेरायचं ठरवलंय. तिथे तणमोर नाचतो म्हणून मी आडवी आले. तर दत्तराव म्हणतात, एवढा दुर्मिळ असेल तर मुंबईत पाखरांची यादी करणाऱ्या आपल्या पोरानं तसं लिहून द्यावं, मग बघू.

म्हणून मी मोजले. गवत कापणाऱ्या एकोणीस बायका, प्रत्येकीची पट्टी ठरलेली. गवतातून उंच उडी मारणारा नर प्रत्येकीला दिसला. म्हणजे एकोणीस! आता यादीत वरची जागा दे.

धपाट्यांचा डबा परत पाठव. डबा रिकामा झाला की आत्या आठवत नाही तुला.

तुझी वाट बघणारी,
आत्या

मुंबई, ता. १९ ऑगस्ट १९८८

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

एकोणीस वाचून आनंद झाला आणि पंचाईतही. आमच्या यादीत जागा मायेनं मिळत नाही. नुसते थोडे असतील तर ‘दुर्मिळ’. थोडे असून झपाट्यानं घटत असतील, तर ‘संकटग्रस्त’. आणि नीट माहीतच नसेल, तर ‘माहिती अपुरी’. एका कुरणात एकोणीस नर म्हटल्यावर संकट कुठलं, असंच सगळे विचारतील. आकडा पक्का आहे ना? पूर्वी किती होते?

डबा पाठवतो. रिकामा पाठवू नये म्हणतात, म्हणून चिक्की घातली आहे.

आपल्या मायेचा भुकेला,
दिनकर

बोरी, ता. ३ सप्टेंबर १९८८

चि. दिनकर यास अनेक आशीर्वाद.

पत्र गवत कापणाऱ्या सुलाबाईला वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, “बाई, त्यो येकच हाय. एकोणीस तर आमी हाव!” एकच नर दिवसभर उडतो आणि आपापल्या पट्टीतून सगळ्याजणी त्यालाच बघतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकाच वेळी उभं करून मोजलं. एकच.

मग हैदराबादच्या कॉन्व्हेंटमधली माझी वही काढली. जे बघाल ते तारखेनिशी लिहा, हा सिस्टरांचा दंडक. सुट्टीतली नोंद सापडली: जुलै १९४४, बाबांबरोबर कुरणात, एका वेळी सात नर. त्या सकाळी बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं, चौदा वर्षांच्या घोडीला! ते मात्र वहीत लिहिलेलं नाही.

सातावरून एक. हे तुझ्या यादीत घाल. जागा कोणती द्यायची ते तुम्ही शिकलेले ठरवा.

दत्तराव ‘एकच’ ऐकून हसले. म्हणाले, एका पाखरासाठी कोणी कुरण ठेवतं का? दर दिवाळीला ते मला लुगडं आणि बाबांच्या जमिनीतल्या माझ्या हिश्श्याच्या हक्कसोडाचा कागद एकदमच देतात. लुगडं नेसते, कागद पेटीत ठेवते. काल तो सहीविना कोराच परत केला. आता वाटणीसाठी जमिनीची मोजणी मागितलीय. ओढ्याकडचा माझा हिस्सा, जिथे तो नाचतो, तिथे नांगर जाणार नाही.

बाळा, तुझ्याच वाट्यातून जातंय हे. रागावलास तरी डबा पाठवत जा.

तुझीच,
आत्या